सहा फळ्यांची गाडी

दोंग सा, थान होआ
२० फेब्रुवारी १९५४

चि. थोआ हिस बाबांचे अ. उ. आ.

पत्राला पंधरा दिवस उशीर झाला, माफ कर. एक तर अक्षरं जुळवायला मला वेळ लागतो, ती तूच शिकवलीस, तुला ठाऊक आहे. दुसरं म्हणजे मी रागावलो होतो. रागात लिहिलं की माझ्या ओळी वर चढतात आणि कागद वाया जातो.

मेल्यावर मला ज्यात पुरायचं त्या माझ्या शेवटच्या पेटीच्या फळ्या तळ्यात नाहीत. सहाच्या सहा गेल्या. चार वर्षं गाळात मुरवलेलं लाकूड, कीड लागली नसती असं. मी तुझ्या आत्याकडे नव्या वर्षाच्या भाताच्या वड्या बांधायला काय गेलो, परत येऊन बांबूने गाळ ढोसतो तर खाली काहीच नाही. त्या थंडीत कमरेएवढ्या पाण्यात उतरलो. हाताला एक मासा लागला, तोही निसटला.

तू तांदूळ वाहायला तुकडीत गेलीस एवढंच आईने सांगितलं होतं, म्हणून मला वाटलं, शेजारच्या तामने नेल्या. त्याची-माझी उंची सारखी, तेव्हा त्या फळ्या दुसऱ्या कुणाला बसणार? तीन दिवस कुंपणाशी उभा राहून त्याला नाही नाही ते बोललो. तो म्हणाला, तुला कशात ठेवतात ते बघितल्याशिवाय मी मरणार नाही, मग मला फळ्यांची घाई कसली.

चौथ्या दिवशी गावच्या समितीचा माणूस ढोल घेऊन आला आणि चावडीवर त्याने वाचून दाखवलं, की थुआनबाबांनी फ्रेंचांविरुद्धच्या आघाडीवर तांदूळ न्यायला आपल्या पेटीचं लाकूड दिलं, त्याची गाडी झाली आणि त्यांची मुलगीच ती ढकलत गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाकून नमस्कार केला. तुझी आई इतकी हसली की विडा घशात अडकला. तिला सगळं ठाऊक होतं! मग पान-सुपारी घेऊन तामकडे माफी मागायला गेलो. त्याने माझ्यासमोर आधी अख्खं अंगण झाडलं आणि मगच पान तोंडात टाकलं.

फळ्यांचं जाऊ दे. बाजारात सांगतात, तुमच्या वाटेवरच्या को नोईच्या तिठ्यावर रोज विमानं बाँब टाकतात. तुझ्या दोन्ही बहिणी सासरी गेल्या, घरात तू एकटी उरलीस. गाडी दुसऱ्या कुणाच्या हाती दे आणि तू ये. तू येशील की नाही, एवढंच मला रात्रंदिवस लागून राहिलं आहे.

आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा बाबा,
थुआन


को नोईच्या अलीकडे
२ एप्रिल १९५४

ती. बाबांना थोआचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. ओळी वर चढल्याच आहेत, शेवटची तर कागदाबाहेर गेली आहे. बाबा, न विचारता फळ्या काढल्या, चुकले. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, आणि पुन्हा ‘नाही का म्हणालो’ म्हणून महिनाभर जेवला नसता. तो महिना मी वाचवला.

गाडी झकास आहे. एकच चाक, पण पाच पोती उचलते. समितीने पुढच्या फळीवर लाल रंगाने तुमचं नाव घातलं आहे. त्यामुळे प्रत्येक ठाण्यावर ओरडा होतो की थुआनबाबा आले, आणि लोक पिकल्या दाढीचा माणूस शोधू लागतात. मी पुढे होते. आता सगळी तुकडी मला थुआनबाबाच म्हणते. परवा एका पोरीने माझे गुडघे कसे आहेत म्हणून विचारलं.

बाँब पडतात, खोटं कशाला लिहू? रस्त्याच्या कडेला जागोजाग खड्डे खणले आहेत, आवाज आला की उडी मारायची. मी बुटकी, मला कुठलाही खड्डा पुरतो.

फ्रेंचांच्या पुढच्या टेकड्या गेल्या. दिएन बिएन फूच्या खोऱ्यात ते कोंडले गेले आहेत, विमान उतरवायची सोय राहिली नाही. वरून छत्र्यांनी सामान टाकतात आणि त्यातलं बरंच आमच्याकडे पडतं. काल तिकडून आलेला घट्ट दुधाचा डबा चाखला. आईला सांगा, गोड आहे, पण तिच्या सोयाच्या दुधाची सर नाही.

मी दुसऱ्या खेपेला नाव दिलं आहे. ओरडू नका. तांदूळ वेळेत पोचला तर लढाई लवकर संपेल, आणि मी लवकर येईन.

तुमच्या रागासकट तुमचा लोभ मला हवा आहे.

तुमची,
थोआ


दोंग सा
१४ मे १९५४

चि. थोआ हिस अ. उ. आ.

उशीर झाला. हे पत्र तीनदा लिहून फाडलं, हे चौथं.

फ्रेंच हरले, ही बातमी इथे आली तेव्हा गाव वेडं झालं. सेनापतीसकट सगळे हात वर करून बाहेर आले म्हणे. ढोल फुटेपर्यंत वाजवला. डुक्कर कापलं. ताम या वयात नाचला, बदकांच्या पिल्लांत पडला आणि पडल्या पडल्याही हात नाचवत राहिला. सगळे आमच्या अंगणात आले. माझ्याच फळ्यांनी लढाई जिंकली असं त्यांनी ठरवून टाकलं आहे.

त्यातच पलीकडच्या गावचा एक सायकलवाला हमाल परत आला. तो म्हणाला, दिएन बिएन फूच्या थोडं अलीकडे वाटेत माझ्या नावाची गाडी पाहिली. मोडलेली, फळ्या उचकटलेल्या, चाक चिखलात, जवळ कुणी नाही. लाकूड शेवटपर्यंत कामी आलं, असं तो कौतुकाने सांगत होता. मी त्याला पेला भरून दिला. हसलोसुद्धा. तुझ्या आईने विचारलं, जेवत का नाही. मी म्हटलं, पोट भरलं.

तिला सांगितलेलं नाही. तुलाच सांगतो आहे. तू हे वाचत असशील तर मोठं पत्र नको. ‘आहे’ एवढा एकच शब्द लिही. तेवढा मला लगेच वाचता येईल.

माया असेल तर तेवढं कर.

बाबा


दिएन बिएन
२७ मे १९५४

ती. बाबांना सा. न.

आहे.

वाचलंत ना? आता खाली बसा, आईला हाक मारा, आणि मग पुढचं वाचा.

बाँब गाडीजवळ पडला, मी खड्ड्यात होते. उजव्या कानात अजून नुसतं गुणगुणतं, बाकी मी धड आहे. गाडीचं चाक मात्र गेलं. पुढे जखमींवर शस्त्रक्रिया करायचं भुयार होतं, तिथल्या छपरातून पावसाचा चिखल डॉक्टरांच्या हातावर गळत होता. फळ्या मीच उचकटल्या आणि तुकडीतल्या एकीबरोबर खांद्यावरून तिथे नेल्या. चार धड निघाल्या, त्या छपराला पुरल्या. मग मी तिथेच पाणी उकळायला राहिले. तुमच्या छपराखालून चाळीसच्या वर माणसं जिवंत बाहेर गेली आहेत, बाबा. मी मोजत होते.

सात तारखेला संध्याकाळी तोफा एकदम थांबल्या. मला वाटलं, डावा कानही गेला! बाहेर आले तर सगळे एकमेकांच्या गळ्यात पडून ओरडत होते. मग कैद्यांची रांग गेली. उंच, चिखलाने माखलेली, गप्प माणसं. एकाला माझ्यातला गार भात दिला. त्याने दोन्ही हातांनी घेतला.

जूनअखेर जखमींबरोबर होडीने मा नदीतून खाली येते.

लोभ होता तेवढा ठेवा, मी आल्यावर वाढवू.

थोआ


दोंग सा
१० जून १९५४

चि. थोआ हिस अ. उ. आ. आणि आईचे तर मोजता येणार नाहीत इतके.

उत्तराला उशीर झाला, कारण मी तयारीत होतो. पहिला शब्द वाचला आणि चुलीपुढेच बसलो. मग तुझ्या आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही जेवण टाकलंत त्याच दिवशी मला कळलं होतं. रोज पूर्वजांपुढे उदबत्ती लावून मी गप्प बसत होते. म्हणजे महिनाभर आम्ही दोघं एकमेकांना फसवत होतो. मग दोघं मिळून चार वाट्या भात जेवलो.

समिती नव्या फळ्या देणार म्हणते. ताम तर स्वतःच्या पेटीच्या फळ्यांतल्या दोन द्यायला निघाला, मी पाय मुडपून झोपेन म्हणतो. मी दोघांना सांगितलं, आता मला सवड नाही. जखमींना होडीतून उतरवून घ्यायला गावची माणसं जाणार आहेत, त्यांत मी नाव दिलं. कारकून म्हणाला, बाबा, तुम्ही म्हातारे. मी त्याला विचारलं, गाडीवर नाव कुणाचं होतं रे? त्याने नाव लिहून घेतलं.

वीस वर्षांत मी तालुक्याबाहेर गेलेलो नाही. पाऊस लागेल का, तिथलं पाणी मानवेल का, रांगेत मागे राहिलो तर काय, हे सगळं डोक्यात आहे. आईने तिळाची पूड आणि भाताचे मुटके बांधून दिले आहेत. तुझे आहेत, वाटेत मी खाल्ले तर ओरडू नकोस.

उद्या निघतो. पण एक घोटाळा आहे. कारकून म्हणतो होड्या डाव्या काठाला लागतात, ताम म्हणतो उजव्या. मी एका काठाला आणि तू दुसऱ्या, असं झालं तर मला पोहता येत नाही. म्हणून आधी नदीच्या वरच्या अंगाला, होड्यांच्या उताराजवळच्या ठाण्यावर थांबेन, तिथे टपाल येतं, उत्तर तिथेच पाठव.

माया आहेच, ती समोरासमोर घेऊ. फक्त कुठल्या काठाला उभा राहू, ते पोरी, ताबडतोब कळव.

तुझा बाबा,
थुआन