संतपूरच्या गिरणीतली पेटी

५ फेब्रुवारी १९५१, सोमवार
बीदरच्या बसमधून उतरलो आणि समोर गिरणी दिसली. शीण गेला. कापसाची ही गिरणी तीन वर्षं बंद आहे, पण भिंती ओळंब्यात, तुळया सागवानी, पत्र्याला पाचच भोकं. ती राखायची की तिचे दगड सडकेला द्यायचे, हे शुक्रवारी इंजिनियरसाहेब ठरवतील. गाठी दाबायचं यंत्र त्यांच्यासमोर चाललं तर इमारत राहील आणि देखभालीवर मला कायम करतील. जेवण शेजारची रत्नम्मा देते. अंबाडीची भाजी फक्कड होती.

६ फेब्रुवारी
यंत्र पाहिलं. जमिनीत पुरुषभर खोल लाकडी पेटी. माणूस आत उतरून कापूस पायांनी तुडवतो, वर येतो; मग चाक फिरवून लोखंडी पाट खाली आणायचा. चाकावर पूर्वीपासून बंडेप्पा. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. न दिसता कसं जमतं, असं विचारलं, तर म्हणाला, चाकाला काय बघायचंय, ते काय नवरी हाय? चाकाला वंगण दिलं. पेटी झाडून कोरडी केली.

७ फेब्रुवारी
पेटीच्या तळाशी वीतभर कापूस. गिरणीत बोंडभरही नव्हता. दुपारी आतून पावलं ऐकली, संथ, गोल फिरणारी. बंडेप्पाला सांगितलं. त्यानं मळलेली तंबाखू टाकून दिली. मग म्हणाला, इथली रीत अशी की चाक फिरवण्याआधी तीनदा विचारायचं आणि वर आलेला माणूस ‘आलो’ म्हणाला तरच फिरवायचं. शेवटच्या हंगामात त्यानं तीनदा विचारलं, ‘आलो’ ऐकलं, फिरवलं. आत सिद्धप्पा होता, रत्नम्माचा नवरा. बाकी सगळे विहिरीवर जेवायला गेलेले. ‘मग आलो म्हनलं कोन, अण्णा?’

८ फेब्रुवारी
कापूस कमरेएवढा. ओलसर, गरम. काल सगळा उपसला होता.
रत्नम्मा म्हणाली, नोकरी दुसरी मिळंल, दुपारच्या बसनं जावा. उदगीरला बायकोला काय सांगू? दोन वर्षं हंगामी आहे.
ठरवलं. आवाजावर फिरवायचं नाही. वर येऊन मी बंडेप्पाचा हात धरेन, तेव्हाच. त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

९ फेब्रुवारी, सकाळ
पेटी काठोकाठ. साहेबांची मोटार फाटकात. शिडी लावून उपसायला उतरतो. मापं घ्यायची म्हणून वही बरोबर —

कापूस खाली बसतोय. माझ्यासकट. पावलं माझी नाहीत.

शिडी नाही. ओरडलो. साहेबांचं हसणं मला ऐकू येतं, माझं त्यांना — तोंडात कापूस —

बंडेप्पा विचारतोय. तीनदा. कुणी उत्तर देत नाही. बरं झालं. त्याला माहीत आहे, हात धरल्याशिवाय —

वर तो कुणाला तरी म्हणायलाय, आलास व्हय अण्णा, हात कामून एवढा गार