पँटची कंबर

गुरुवार, १८ जुलै

चि. चिमीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत असं लिहायची सवय आहे म्हणून लिहितो. तू ड्यूटीवरून आली असशील, पाय दुखत असतील. वॉर्डात उभ्या उभ्या जेवत जाऊ नकोस.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर मी ‘हं, हं’ करतो आणि ठेवून देतो, हे तुला ठाऊक आहे.

सोमवारी सकाळी देवापुढे हात जोडून मशीनवर बसलो आणि गिऱ्हाइकांच्या आधी आपल्या पोराची शाळेची पँट हातात घेतली. हूक तुटला होता. मागची शिवण उसवून आतलं जादा कापड सोडायचं, एवढंच काम. उसवली, तर आत कापडच नाही. वर्षभरात तीनदा सोडून मीच संपवलं होतं. मग तसल्याच रंगाची चिंधी शोधून मागे जोड दिला. शर्ट बाहेर काढला की दिसत नाही.

तुझी वहिनी म्हणाली, “परत घट्ट झाली?”

“धुऊन धुऊन कापड आटतं,” मी म्हटलं.

“लोकांच्या नाही आटत. आपलीच बरी आटते.”

एवढं बोलून ती त्याची मान घासायला गेली. मानेवरचा तो काळा पट्टा म्हणजे मळ नाही, हे तू सांगून गेलीस, तरी रोज घासते. पोर ओरडतं, ती ओरडते, आणि मी मशीन जोरात चालवतो.

वैताग आला आहे बघ. शाळेच्या फाटकाशी वेफर्सची पाकिटं विकणारा, वर्गात रोज कुणाचा तरी वाढदिवस, खेळाच्या तासाला गणित. समोरचा दुकानदार “घे रे पैलवान” म्हणून त्याच्या हातात चॉकलेटं कोंबतो. या सगळ्यांशी मी दिवसभर मनात भांडत असतो. पण तो तीन वर्षांचा असल्यापासून, मशीनपाशी गप्प बसावा म्हणून बिस्किटांचे पुडे कोण फोडून देत होतं, त्याचं नाव मात्र या भांडणात येत नाही.

आता तू आली होतीस त्या दिवसाचं. शाळेचा फॉर्म आला होता, मुलाची उंची आणि कंबर घरी मोजून लिहा म्हणून. कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरली तर डॉक्टर तपासणार. मी उंची अठ्ठावन्न इंच लिहिली, कंबर अठ्ठावीस. तू चहा पिता पिता वाचलंस आणि म्हणालीस, “दादा, ही पँटची कंबर आहे, पोराची नाही. पोटाच्या खाली टेप लावलीस तू.”

“सत्तावीस वर्षं मापं घेतोय. मला शिकवतेस?”

“साखरेपायी आपल्या अण्णांचा पाय कापला तेव्हा मी आत होते, तू बाहेर होतास. त्यांच्या मानेलाही असाच पट्टा होता.”

त्यावर मी काय बोललो ते इथे लिहिणार नव्हतो. पण मग पत्र कशाला लिहायचं? ‘जिला स्वतःचं मूल नाही, तिनं दुसऱ्याच्या मुलाला नावं ठेवू नयेत,’ असं बोललो. तू कप न विसळता गेलीस. एरवी कधी तसा ठेवत नाहीस.

शिंप्याची कंबर म्हणजे पँट बसते ती जागा, ही सवय खरी. पण त्या दिवशी टेप मी आणखी दोन बोटं खाली सरकवली होती. ती सवय नव्हती. ‘पोराला सांभाळ’ असं देवाला रोज सांगतो. त्यानं तुला पाठवलं, तर तुलाच घालवून दिलं.

शुक्रवारी त्याच्या वर्गातल्या अकरा मुलांना डॉक्टरांनी बोलावलं. आपला घरी येऊन म्हणाला, “बाबा, मी पास झालो.”

सोमवारी तो जोड दिल्यावर मात्र हात चालेना. दुपारी तो शाळेतून आल्यावर त्याला समोर उभं केलं, शर्ट वर करायला सांगितला.

“पोट आत घेऊ?” त्यानं विचारलं.

“नको. सोड श्वास.”

बेंबीवरून चौतीस भरली.

मंगळवारी शाळेत गेलो. बाई म्हणाल्या, “तपासणी झाली हो, आता राहू द्या.” म्हटलं, “आकडा खोटा आहे. मीच लिहिलाय.” अठ्ठावीस खोडून चौतीस लिहिले, शेजारी सही केली आणि पोराला तिथून तसंच दवाखान्यात नेलं. काल रिपोर्ट आला. साखर काठावर आहे. डॉक्टर म्हणाले, अजून मागे आणता येईल, पण सगळ्या घराला बदलावं लागेल. वहिनीला हे तू समजाव. कापड आटतं म्हणणाऱ्याचं ती का ऐकेल?

दवाखान्याच्या वाटेवर पोराला सगळं सांगितलं. तू पास झाला नव्हतास, मी माप खोटं लिहिलं होतं, म्हणून. मग म्हणाला, “आत्या म्हणाली ते मी ऐकलं होतं. पण मला वाटलं तिचंच चुकलं. मापातलं तुम्हाला जास्त कळतं ना.”

तुझा अपराधी,
दादा