आरशात दिसलेला वॅम्पायर

साओ पाउलो,
९ ऑगस्ट १९६६

प्रिय झुल्मिराताई,

धाकटीचा नमस्कार. तू पाठवलेल्या पेरूच्या वड्या पोचल्या आणि संपल्याही. सगळ्या एवारिस्तोनंच खाल्ल्या; बोलले, तर म्हणतो, "मेव्हणीनं माझ्यासाठीच पाठवल्यात." इथे थंडी आहे, पण आम्ही मजेत आहोत. तुझा गुडघा कसा आहे? तुमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर बऱ्या आहेत ना?

एवारिस्तोच्या हाताचं तू विचारलंस. थरथर थांबलेली नाही, आणि डॉक्टर म्हणतात थांबणारही नाही. कप धरता येतो, ब्रश धरवत नाही. मग त्याची भुतांची कॉमिक्स दर महिन्याला निघतात कशी, हे तू विचारलं नाहीस, म्हणून मीही सांगितलं नाही. मी काढते, ताई. आधी नुसती शाई भरायचे, आता पेन्सिलीपासून सगळं माझंच. सही तेवढी त्याच्या नावाची. तो टेबलावरची चादर पांघरून, संत्र्याच्या सालीचे सुळे लावून समोर उभा राहतो. हसू आवरलं की मी काढायला घेते. मध्येच तो घेवड्याची उसळ ढवळायला पळतो.

गेल्या महिन्यात मात्र मी हात दाखवून अवलक्षण केलं. वॅम्पायर आरशासमोर भांग पाडतोय असं चित्र काढलं. प्रतिबिंब असं झकास उतरलं की मी स्वतःवरच खूश. एवारिस्तो त्या दिवशी दवाखान्यात होता, पानं तशीच गेली. दुसऱ्या दिवशी संपादक अनाक्लेतो ती काखोटीला मारून दारात हजर.

"वॅम्पायर आरशात दिसत नाही, हे माझ्या नातवालाही ठाऊक आहे," ते एवारिस्तोला म्हणाले. "तुझा जन्म भुतं काढण्यात गेला. ही चूक तुझी नाही. कुणी काढलंय हे?"

"मी," म्हटलं. "भुतं घरात उठतात-बसतात, पण त्यांचे नियम कोण पाठ करतंय?"

त्यांनी पानं पुन्हा चाळली. "हात चांगला आहे. काढा तुम्हीच. पण नाव याचंच राहू दे. बाईच्या नावाला कोण घाबरणार?"

"तुम्ही माझ्या सासूबाईंना भेटला नाहीत," एवारिस्तो म्हणाला. (आईला सांगू नकोस.) मग हसू थांबवून म्हणाला, "नाव तिचंच लागेल. नाहीतर पानं परत द्या." अनाक्लेतो कबूल झाले, आणि मला रडूच आलं.

माझं सासरचं आडनाव पाहून लोक त्यालाच समजतील, म्हणून माहेरचं लावलं. ते तुझंही आहे. पेरूच्या वड्यांपासून मी याच्याच भोवती घुटमळतेय. शुक्रवारी अंक ताउबातेला, तुमच्या चर्चसमोरच्या टपरीवर लागेल. मुखपृष्ठावर कबरीतून उठणारी बाई आणि खाली ठळक अक्षरांत आपलं आडनाव. मागच्या वर्षी तुम्ही शाळेच्या मैदानात असली कॉमिक्स जाळलीत. त्यात माझीही होती.

मी परवानगी मागत नाही. मागितली असती तर तू नाही म्हणाली असतीस, आणि मी लहानपणासारखं ऐकलं असतं. सिस्टरनी विचारलं तर खुशाल सांग, ही कोण ते ठाऊक नाही. मला वाईट वाटेल, पण राग येणार नाही. इतकी सुखात मी कधीच नव्हते, ताई, आणि हे तुला सोडून कुणाला सांगावंसं वाटत नाही.

चालत असेल तर तुझी,
नाहीतर नुसतीच
ओंदिना सार्मेंतो