श्वास लिहिणारा माणूस

शनिवार, संध्याकाळ. एडमंटन.

ईराचं फ्लूटवादन झालं, आत्ताच आम्ही दोघी घरी आलो. लेकीला लहानपणापासून दमा. वाजवताना तिचा श्वास ऐकू येतो, म्हणून प्रत्येक शिक्षकाने तिला टोकलं. आज तिने एका जपानी संगीतकाराची रचना वाजवली. हल्लीचीच, जरा विचित्र. सूर कमी, फुंकर आणि बटणांची टकटक जास्त. आणि श्वास घेतल्याचा आवाजसुद्धा त्याने स्वरलिपीत लिहून ठेवलाय. कसं सुचलं असेल या माणसाला? एरवी श्वास घेताना आवाज लपवायला ईरा तोंड फिरवते; आज फिरवलं नाही. सगळा हॉल तिचा श्वास ऐकत होता.

पार्किंगमध्ये मी विचारलं, "दम लागला होता का गं?"

"आई, दॅट वॉज द म्युझिक," ती हसून म्हणाली.

काचेवरचा बर्फ खरवडायच्या निमित्ताने मी जरा वेळ गाडीबाहेरच उभी राहिले.