पडले हे, उठला रानवीर

१६ फेब्रु. ९८, सोम.
मुरबाडला दवाखान्यात गेलो. फोटोत मांडीचं हाड जुळलंय. डॉक्टर बोलला, सळी नीट बसली, आता उभं राहायचं. हे बोलले, "बघू." चार महिने खाटेवर आहेत, आणि बघू. व्यायामाची बाई आहे तिथं, बारीकशी. तिने ही वही दिली. "मावशी, रोज लिहायचं. सकाळी व्यायाम केला का, संध्याकाळी केला का." मी बोलली, माझी शाळा चौथी, तीपण अर्धी. बोलली चालेल.
मंग लिहिते.
सकाळ – व्या. नाय. संध्या. – व्या. नाय.

१९ फेब्रु.
व्या. नाय. पाय मीच धरून दुमडला. ओरडले. "अवो, पाय तुमचा आहे, मी का ढोर ओढतेय?" भिंतीकडे तोंड केलं.
बोलतात देवाने बसवलंय, देव उठवेल तेव्हा उठायचं. पडले तो दिवस वाघबारशीचा. सगळे गुराखी वाघोबाला नारळ द्यायला गेले आणि हे गेले रानवीरच्या शूटिंगला, हिरोच्या जागी दोरावरून उडायला. वरून कमरेला वाघाचं कातडं. खोटं, कापडाचं, पण कातडं. "वाघाचं सोंग केलं त्याच्याच दिवशी. पाडणार नाय तर काय?"
पुढचं इथं लिहायला नको. बाई ही वही बघणार आहे. मनातलं मागच्या पानावरून उलटं लिहायचं, पुढं नुसता व्यायाम.

२० फेब्रु. (मागून)
देवाने पाडलं नाय. मी पाडलं.
गेल्या वर्षी माघात राबाचा टाहाळ, म्हंजे फांद्या-पाला, तोडायचा होता. मी ह्यांना रोज सांगत होती, ऐनाचं झाड छाटा, टाहाळ सुकायला पायजे, नायतर रोपाची जागा भाजणार कशाने? हे पेपर वाचत बसलेले. मला दम नाय. घेतला कोयता नि गेली माळावर. वर चढली. आमच्यात बाई झाडावर चढत नाय. कोयत्याला धार नव्हती. एका जाड फांदीवर वरून घाव घातले, अर्धी झाली, तेवढ्यात ओढ्याकडून माणसं बोलताना ऐकली. उतरली. फांदी राहिली तशीच अर्धी. पुढं हिरवीच राहिली, खालून काय दिसेना. कोणाला बोलली नाय.
दिवाळीत शूटिंगवाले आले. त्यांना ओढ्यावर आडवी आलेली फांदी हवी होती. हे बोलले, आमच्याच माळावर आहे ना. दुसऱ्या कुठल्या झाडाला दोर बांधायचा तर हे आधी वर जायचे, फांदीवर उभे राहून नाचायचे, आवाज ऐकायचे. आयुष्यभर झाडं छाटलेला माणूस. ह्या ऐनाला बघितलंच नाय. बोलले, "घरचं झाड आहे, त्याला काय विचारायचं?"
मी तिथंच होती, पाण्याचा हंडा घेऊन. दोर कुठल्या फांदीला बांधला ते बघितलं.
आठवलं का? आठवलं. वाटलं, एवढी जाड आहे, धरेल. आणि पन्नास माणसांत काय सांगू, मी चढली होती म्हणून?

१ मार्च, रवि.
व्या. नाय. नाय.
भगत आला. उदी लावली. वाघोबा रागावलाय, वाघबारशीला कोंबडा आणि नारळ, तोवर त्या ऐनाला कोयता लावायचा नाय. मी बोलली, वाघबारस म्हंजे आठ महिने. तोवर पायाचं लाकूड होईल. भगत बोलला, "गो बाय, देवाला घाई चालत नाय." ह्यांनी मान हलवली. भगताने सांगितलं की मान हलते, बाईने सांगितलेला पाय हलत नाय.

११ मार्च
सुनी आली सापगाववरून, माझी मुलगी. शहापूर, मुरबाड, मंग इकडं, दोन एष्ट्या बदलून. बाबांचा पाय चोळत बसली. बोलली, "आये, बाबा रडतात का गो?" मी बोलली नाय. रडतात.
तिच्यासमोर संध्या. व्या. थोडा केला. ती गेली की बंद.

५ एप्रिल, रवि.
आज टीवीवर रानवीर सुरू झाला. टीवी भावजींकडे, ह्यांचा धाकटा भाऊ, शेजारीच दार. चौघांनी खाट उचलून नेली ह्यांची. सगळी वाडी जमली. रानवीर गोरापान, केस भिजलेले, गाणं बोलतो. गाणं! सोबत तरस. पाळलेला तरस माणसाबरोबर चालतो, मी बोलली, आमच्या शेळ्या नेणारा तो कोण मंग? सगळे हसले. हे नाय हसले. बोलले, "पेपरातल्या चित्रांतला असा नाय. तो बोलत नाय जास्त. आधी शिंग फुंकतो, मंग येतो."
झाडावरून उडताना पाठ दिसली की सगळे ओरडायचे, "आमचे आमचे!" ती पाठ ह्यांची. तोंड आलं की त्या गोऱ्याचं.

१४ एप्रिल
राब भाजले. टाहाळ भावजींनी दुसऱ्या झाडांचा आणला. तो ऐन तसाच उभा. लांबून गेली.
घरी आली तर हे जुन्या वह्या काढून बसलेले. रानवीरच्या. लग्नाआधीपासून जमवल्यात. धसईच्या बाजारात वाण्याकडं पुड्यांचा पेपर असतो, त्यातून रानवीरच्या चित्रांच्या पट्ट्या कापायच्या, भाताच्या खळीने चिकटवायच्या. पुड्यांचा पेपर, तो काय ओळीने येतोय? आज विहिरीत पडलेला दिसतो, महिन्याने कळतं कोणी ढकललं. मधली पट्टी मिळाली नाय की तेवढी जागा कोरी सोडायची. कधीतरी मिळेल. काही कोऱ्या जागा वीस वर्षं कोऱ्या आहेत. वाचायला हे असेच शिकले, मास्तरकडं नाय. मलापण लग्नानंतर ह्या वह्यांवरून वाचायला लावायचे. मी बोलायची, कामं पडलीत.
रेडिओवरपण लागायचा पूर्वी, दुपारी. नुसतं शिंग आणि पाचोळ्यावर पाय वाजायचे. हे डोळे मिटून ऐकायचे. बोलतात तोच खरा. त्यात कोणाचं तोंड नव्हतं.
व्या. नाय.

१० मे, रवि.
आज तो भाग लागला.
मला ठाव नव्हतं लावतील म्हणून. ओढा दिसला, आमचा ऐन दिसला, मी ताडकन उठली. बोलली, बंद करा. भावजी बोलले, थांबा वयनी, आमचे दादा येतायत. आले. दोर धरून उडाले. फांदी मोडली. खरीच. आवाजपण तोच ठेवलाय. हे पडले दगडावर, वाघाच्या कातड्यात, पाय खाली मुडपलेला. मंग लगेच त्या गोऱ्याचं तोंड. उठला. मांडीवरची धूळ झटकली, तरसाकडं बघून हसला, पळत गेला.
पडले हे, उठला तो.
हे बोलले, "बघा, किती लवकर उठला." मंग बोलले मला घरी न्या.
चौघांनी नेलं.

११ मे
जेवले नाय. सकाळ नाय, संध्या. नाय.

१२ मे
मुरबाडची बाई स्वतः आली, एष्टीने, एवढ्या उन्हात. वही बघितली पुढून. बोलली, "मावशी, इथं सगळीकडं नायच लिहिलंय." मी बोलली, जे आहे ते लिहिलंय. तिने ह्यांना समजावलं, हाड चांगलं आहे, गुडघा आखडून धरला तर मंग माझ्या हातात काय नाय. चालायची घोडी आणून ठेवली चार पायांची. मला बाहेर बोलली, "त्यांच्या मनात काहीतरी बसलंय. ते काढा." मी बोलली, बघते.
मीपण बघते बोलायला लागली.

२६ जुलै
लावणी. मी, भावजी, भावजींची बायको. चिखलातून घरी येते तर हे तिथंच. घोडीवर टॉवेल वाळत घातलेला.
पाय रोज दुमडते. दुमडतो थोडा. ओरडत नाय आता. तेच वाईट.

३० ऑग.
टीवीवरचा रानवीर संपला. शेवटी लग्न लावलं त्याचं. हे बघायला गेलेच नाय. त्या दिवसानंतर एकदापण नाय. वह्यापण उघडत नाय.
मी बोलली, सांगून टाकू का. असं चुलीजवळ बसून, मनात. आज नको. लावणी झाली, तण काढायची बेणणी होऊ दे. बेणणी झाली की कापणी होऊ दे. मला कधी कशाला थांबायला जमलं नाय, ह्यालाच बरं जमतं.

१६ ऑक्टो., वाघबारस
कोंबडा दिला, नारळ दिला. खाट वाघोबापर्यंत नेली, शेताच्या बांधांवरून, भावजींचे खांदे सोलले. भगत बोलला, झालं, देव शांत. ऐनालापण मोकळं केलं. उठ आता.
हे खाटेच्या कडेला बसले. घोडी पुढं. हात ठेवले. सगळे बघतायत. मी मनात बोलली, वाघोबा, तूच उठव, मंग मला काय सांगायला नको.
नाय उठले. घोडी सोडली आणि परत आडवे झाले. बोलले, "त्याने माफ केलं नाय. मला कळतं."
खाट उचलून सगळे माघारी.

१७ ऑक्टो.
आता देवाचापण इलाज संपला. राहिली मी.

८ नोव्हें., रवि.
सांगितलं.
कापणी संपली, घरात दोघंच. भात वाढलं आणि उभ्यानेच बोलली. बसून बोलता आलं नसतं. माघात मी चढली, कोयता बोथट होता, फांदी अर्धी तोडली, लपवलं, दोर बांधताना बघितलं, बोलली नाय. देवाचं काय नाय ह्यात. माझं आहे.
ह्यांनी ताटावरून मान वर केली. मंग हसले. वर्षात पहिल्यांदा. "तू? ऐनावर? तुला माळ्यावर चढायला शिडी धरून द्यावी लागते."
मी बोलली खरं सांगते.
"गप गो. मला उठवायला रचलंस. त्या बाईने शिकवलं असेल."
मी बोलली, बाईला काय माहीत राब नि टाहाळ?
"मंग सुनीने. चांगली गोष्ट आहे, पण पट्टी जुळत नाय. बायको फांदी तोडते नि पाणी घेऊन बघत बसते? अशी बाई असते कुठं?"
मी ताट उचललं. वर्षभर छातीवर दगड घेऊन फिरते आणि हा माणूस बोलतो, चांगली गोष्ट आहे.
बोलली, "जा मंग. बघून या. ओढ्याच्या वरच्या बांधावर उभं राहिलं की मोडलेला खुंट सरळ समोर येतो. मी बघून आलीय. वरची बाजू काळी, कोयत्याचे घाव. खालची फाटलेली. तुमाला सांगायला नको, घाव कुठला नि फाट कुठली."
"आणि नसले घाव तर?"
"तर माझं तोंड काळं करा."
"बघतोच," बोलले.

९ नोव्हें.
घोडीवरचा टॉवेल खाली पडलेला.

१० नोव्हें.
उभे राहिले. खाट धरून. मोजून दहा-बारा श्वास. घामाने भिजले. माझ्याकडं बघून बोलले, "खोटारडी."
सकाळ – व्या. केला. सकाळचा पहिल्यांदा लिहिते.

१५ डिसें.
मुरबाडला. बाई टाळ्या वाजवायला लागली. "काका, काय जादू केली?" हे बोलले, "हिचं खोटं पकडायचंय." बाई हसली, मी नाय. गुडघा थोडा धरलाय, काठी कायमची लागेल बोलली. पण चालतील.
बाईने वही मागितली. पुढूनच दाखवली, हातात दिली नाय.

३ जाने. ९९, रवि.
काल म्हशाची जत्रा होती. भावजी गेले होते घोंगडी बघायला. ह्यांच्यासाठी रानवीरचा मुखवटा आणला, प्लास्टिकचा, हिरवा, पानं काढलेली. हे बोलले, रबर तुटेल. पण खुंटीला लावला.
आज घोडी घेऊन पडवी ते गोठा. परत. बोलले, महिन्याभरात बांधावर जातो. मला विचारतात, "अजून सांग खरं. बोल रचलेलं होतं. मी काय मारणार नाय."
किती सोपं होतं. रचलेलं होतं बोलली असती तर तिथंच मिटलं असतं, पण मंग परत आडवे झाले असते, वाघोबाच्या नावाने. मी बोलली, खरंच आहे. हे हसले. असे हसतात हल्ली. पेपर मागवलाय धसईवरून, पुडीचा नाय, सबंध.
मला हसणं बघवत नाय. हे जातात त्या बांधाकडे हसत. तिथं पोचल्यावर काय?

१७ जाने., रवि.
सुनी आलेली. बोलली, "आये, बाबा चालतायत आणि तू का अशी?" मी बोलली, कामं पडलीत.

२४ जाने.
घोडी सोडून काठी. गोठ्याच्या पुढं, कुंपणाच्या वईपर्यंत. ओढ्याचा बांध वईपासून पुढं चार शेतं.

२८ जाने.
सकाळीच भावजी आले, कोयत्याला धार लावून. बोलले, "वयनी, माघ आला. उद्या टाहाळ काढतो. तो ऐनपण घेतो, भगताने मोकळा केलाय. मोडक्या फांदीचा खुंटपण छाटतो मुळातून, चुलीला होईल."
मी तांदूळ निवडत होती. बोलली, "थांबा."
"कशाला?"
काय सांगू कशाला. खुंट गेला की घाव गेला. मंग हे बांधावर उभे राहतील, सफेद गोल दिसेल फक्त, येतील परत नि बोलतील, बघ, काय नव्हतं. जन्मभर मला खोटारडी बोलतील, हसत. चालते झालेच आहेत आता. आणि राहू दिला तर चार शेतं पुढं जाऊन बघतील. घाव ओळखायला ह्यांच्याएवढा माणूस तालुक्यात नाय. तिथून परत कसे येतील, परत येतील का माझ्याच घरात, हे मला सांगता येत नाय.
हे बाहेर वईशी उभे होते, काठी टेकून, आमच्याकडं पाठ. ती पाठ. तिथूनच ओरडले, "आज दुसरं शेत!"
भावजी दारात. "मंग काय करू, वयनी? ठेवू का तोडू?"
मी बोलली, आधी चहा घ्या.
चहा घेतायत. मी पलीकडं बसून हे लिहिते.