टायरखाली लिंबू

अहो,

सोसायटीचं काम हातचं जाऊ नये म्हणून कुंड्या घेऊन मी शेफालीच्या टेम्पोतून कर्वेनगरला जातेय. आपल्या पिकअपला हात लावलेला नाही. नव्या मोठ्या टायरांखाली तुम्ही लिंबू ठेवलंत, नारळ फोडलात, फोटोही काढलेत. फक्त माल भरून स्टेअरिंग पूर्ण वळवून बघायचं तेवढं राहिलं. काल कात्रजच्या वळणावर पुढचा टायर घासून जळका वास सुटला, तरी तुम्ही म्हणालात, नवीन आहे, बसेल हळूहळू. तुमचं हे ‘बसेल’ ऐकून आता दमायला होतं.

जुने टायर भंगारात द्यायला सांगितले होतेत. मी दिले नाहीत. टाकीमागे ताडपत्रीखाली आहेत. जॅकही तिथेच ठेवलाय.

– पूर्णिमा