काळ्या टेपखालचं बटण

बाबा,

मी सीडी प्लेअर घेतला. एवढंच सांगायचं असतं तर एक ओळ पुरली असती, पण गेले काही दिवस माझा जीव थाऱ्यावर नाही आणि हे तुमच्याशिवाय कुणाला सांगावं ते कळत नाही. समोरच्या खोलीत फरशी बसवायचं काम निघालं आहे. सामान हलवताना दादाने तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरवर हात ठेवला आणि म्हणाला, "हे काहून ठेवलंय अजून? वाजत तं न्हाई. भंगारवाल्याला देऊन टाकू." मी म्हटलं, तो चांगला आहे, फक्त प्लेअर गेलाय. "मंग वाजवून दाखव. फरशीवाले रविवारी येतेत." आई पुढचं सामान उचलायला लागली. म्हणजे ठरलंच. रविवारच्या आत वाजला तर राहील, नाही तर स्पीकरच्या दोन्ही लाकडी बॉक्ससकट जाईल.

प्लेअर शोधणं एवढं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. नवा, चांगला प्लेअर माझ्या पगारात बसत नाही. स्वस्तात मिळतात ते डबे स्वतःच वाजतात; अ‍ॅम्प्लिफायरला जोडायला त्यांना मागे जागाच नसते. काही डीव्हीडी प्लेअर असे की टीव्ही लावल्याशिवाय कोणतं गाणं सुरू आहे ते कळत नाही, आणि आईला टीव्हीशी झटापट करायला लावायची नव्हती. शिवाय तुमच्या निम्म्या सीड्या भोकरदनच्या दुकानातून भरून आणलेल्या, वर पेनने नावं लिहिलेल्या. तसल्या सीड्या प्रत्येक प्लेअर वाचत नाही. मी जालन्यात कामावरून सुटल्यावर दुकानं पालथी घातली. बियाण्यांच्या लॅबमध्ये मी उगवण तपासते, बाबा. ट्रेमधले कोंब मोजायचे, सही करायची. आमच्या मॅडम म्हणतात, "तू एकच ट्रे पुन्हा पुन्हा का बघतेस? एकदा बघितलं ना?" मला खात्रीच वाटत नाही. प्लेअर घेतानाही तेच झालं. जुन्या वस्तूंच्या एका दुकानात शेवटी एक वापरलेला मिळाला. समोर आकडे दिसतात आणि मागे लाल-पांढरी भोकं आहेत. तुमची भरलेली सीडी मी सोबतच नेली होती, तीही त्याने वाचली. तरी मी दुकानदाराला इतक्या गोष्टी विचारल्या की तो म्हणाला, "ताई, पोरगी बघायला आल्यासारखं करून राह्यल्या तुम्ही. घ्या, बिलकुल बराबर पीस हाय. न्हाई पटला तर वापस आणा."

घरी आणून मी तुम्ही शिकवलं तसं सगळं केलं. आधी बंद, मग तार. शाळेत नाव घालायच्या आधी मी याच अ‍ॅम्प्लिफायरसमोर बसून अक्षरं शिकले. एल म्हणजे डावा, आर म्हणजे उजवा, लाल तार उजवीकडे. फोनो लिहिलंय तिथे प्लेअर कधी लावायचा नाही, आवाज फाटतो, ऑक्समध्येच लावायचा. पहिलीत बाईंनी ए बी सी डी म्हणायला लावली तेव्हा मला एल, आर आणि ऑक्स एवढंच येत होतं, आणि त्यांच्या ओळीत ऑक्स नव्हतंच म्हणून मला वाटलं होतं की बाईंनाच पूर्ण माहीत नाही.

वाजला. जयंतीला विहारासमोर आलेल्या गायन पार्टीची ती सीडी, तुम्ही हात जोडून त्यांच्याकडून मागून घेतलेली. पण गाणाऱ्या बाईंचा आवाज सगळा डाव्या बॉक्समधून. उजवा नुसता कुजबुजत होता. मी प्लेअर परत नेला. दुकानदाराने त्याच्या हेडफोनवर ऐकला, मग मला ऐकायला लावला. "दोन्ही कानात बराबर येतंय, ताई." येत होतंच. तरी त्याने तसलाच दुसरा दिला आणि म्हणाला, "हा आता शेवटचा. शनिवारी सकाळपर्यंत सांगा, मंग बोलायचं न्हाई." दुसराही तसाच वाजला. मी लाल-पांढऱ्या तारा अदलाबदल केल्या. उजवा बॉक्स तसाच मुका. मग अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे बॉक्सच्या तारा अदलाबदल केल्या, तेव्हा मात्र उजवा मोठ्याने वाजला आणि डावा गप्प झाला. म्हणजे प्लेअर चांगला, बॉक्सही चांगले. खोट अ‍ॅम्प्लिफायरमध्येच. दादा म्हणत होता तेच खरं. तारा पुन्हा होत्या तशा लावल्या आणि खोलीच्या मधोमध बसून राहिले.

तिथंच मला तुम्ही बसवायचात. आठवड्याच्या सुट्टीला तुम्ही सळईच्या कारखान्यातून घरी यायचात, आंघोळ करून पांढरा बनियन घालायचात आणि मला समोर बसवून विचारायचात, "आवाज कुठून येतोय?" खरं लावलेलं असेल तर आवाज डब्यातून येत नाही, मधोमध येतो, जणू गाणारा माणूस भिंतीपाशी उभा आहे, असं तुम्ही सांगितलेलं. एक दिवस स्पष्ट आठवतो. आई बाहेर धान्य वाळत घालतेय, तुम्ही बटणं फिरवताय, थांबताय, मान वळवताय. मग तुमचा चेहरा एकदम खुलतो. "आता?" मी म्हणते, "डाव्या डब्यातून येतोय." तुम्ही पुन्हा ऐकता. "नीट ऐक." मी नीट ऐकते. "डाव्याच." आणि तुम्ही, माझ्यावर कधी आवाज न चढवणारे, ओरडता, "कान हायेत का काय हायेत तुला? मधोमध येतोय!" मी मान डोलावते. म्हणते, हो बाबा, मधोमध.

दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी तुम्ही डाव्या-उजव्या बॉक्सचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या त्या एका बटणावर तारेला गुंडाळायची काळी टेप लावलीत. बटण जिथे होतं तिथेच घट्ट. याला कुणी हात लावायचा नाही. कुणी लावलाही नाही. तुम्ही गेलात, मी कॉलेज केलं, नोकरीला लागले. फडक्याने पुसतानासुद्धा मी टेपच्या कडेकडेने पुसत आले.

काल रजा टाकली आणि दुपारी त्या टेपकडे बघत बसले होते. इतके दिवस सगळ्या तारा उलट्यासुलट्या केल्या, पण हे बटण तपासायचं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं, कारण ते तुम्ही मधोमध लावलेलं होतं. आई चहा घेऊन आत आली.

"काय करून राह्यली गं माय? चेहरा उतरला पार."

"ही टेप काढावी लागेल, असं वाटतंय."

"काढ की मंग. खाली सोनं ठिवलंय का?"

"बाबांनी लावली होती."

"मला काय म्हाईत न्हाई?" आईने माझ्या हातात कप दिला आणि खाली बसली. "त्येंचा डावा कान गेल्ता ना. तुला ठावच न्हाई?"

मला ठाऊक नव्हतं. आई सांगत होती की त्या सळयांच्या आवाजाने तुमचा तो कान हळूहळू बसत गेला. कारखान्यात कळलं तर मशीनवरून काढतील म्हणून घरातसुद्धा त्यावर बोलायचं नाही असं ठरलं होतं. "लेकरं बाहेर बोलतेत," ती म्हणाली. "म्हून मी आपली कायम त्येंच्या उजव्या अंगाला. जेवायला बी, यष्टीत बी. तुम्हाला वाटायचं आईला खिडकी पाहिजे." ती हसली. "त्येंना ती पेटी बराबर वाटायची. मला तं एकाच डब्यातून यायची. मी म्हणायचे, छान वाजतीय."

तिलाही तसंच ऐकू येत होतं, बाबा. आम्ही दोघी एकाच घरात आणि एकमेकींना कधी बोललो नाही.

टेप काढली. तिचा चिकटा बोटांना लागला. खालचं बटण जवळजवळ पूर्ण डावीकडे फिरवलेलं होतं. मी ते मधे आणलं आणि गाणाऱ्या बाई भिंतीपाशी येऊन उभ्या राहिल्या. आई म्हणाली, "अगं बया." संध्याकाळी दादाने ऐकलं. मग फरशीवाल्यांना फोन करून विचारलं, हा कोपरा आधी करून देता का, म्हणजे सामान लगेच मांडता येईल. आज सकाळी मी दुकानात सांगून आले, प्लेअर ठेवतेय. दुकानदार म्हणाला, "मी म्हणलंच होतं." मी वाद घातला नाही.

तरी मला चैन नाही. मी "डाव्याच" म्हटलं त्या दिवशी तुम्ही का चिडलात, हे कालपासून डोक्यात फिरतं आहे. कान किती गेलाय हे तुम्हाला तेव्हाच, माझ्याच तोंडून कळलं का? रात्रभर विचार करून तुम्ही ती टेप लावलीत का? की तुम्हाला खरंच मधोमध ऐकू येत होतं आणि पोरगी उगाच हट्ट करतेय असं वाटलं? मला हे विचारायचं आहे, आणि विचारायला कुणी नाही. आईला विचारलं तर ती म्हणेल, "जाऊ दे ना माय." हे पत्रही सीड्यांच्या खोक्यात ठेवीन, दुसरीकडे पाठवायला जागा नाही.

एक गोष्ट आईलाही सांगितलेली नाही. आज दुकानातून आल्यावर ती शेजारी गेली होती. मी दार लावून घेतलं, डाव्या कानात कापूस दाबून भरला आणि बटण तुम्ही ठेवलं होतं तिथे, टेपचा चिकटा राहिलाय त्या खुणेपर्यंत परत फिरवलं. तुमच्या जागेवर बसले आणि गाणं लावलं.

मधोमध येत होता, बाबा.